दादाने धरून ठेवलेला श्वास

देवाला साक्षी ठेवून सांगतो, यातलं एक अक्षरही पदरचं नाही.

रात्रीची नाही, भर दुपारची गोष्ट आहे. दादाच्या घरातली, त्याच्या कामाच्या छोट्या खोलीतली.

दादा, माझा थोरला भाऊ, ध्वनिमुद्रक होता. दुसऱ्यांचे आवाज टिपण्यात त्याचा जन्म गेला. पंख्याची घरघर रेकॉर्डिंगमध्ये येते, म्हणून त्याने घरीच एक कॉम्प्युटर जुळवला होता. जेवणाच्या डब्याएवढा. आत पंखा नाही, फिरणारी डिस्क नाही... फक्त रेकॉर्डिंग साठवायला बोटभर लांबीची एसएसडी. चालू आहे की बंद, कानाला कळायचंच नाही.

"घरात एक तरी न बोलणारं असावं," दादा वहिनीला चिडवायचा.

"मग जेवायलाही त्याच्याकडेच मागा," वहिनी म्हणायची.

त्याची एक पद्धत होती. गाणं असो की प्रवचन, आधी तो नुसत्या खोलीची शांतता टिपायचा. पुढे रेकॉर्डिंगचे तुकडे जोडताना ती लागते. हात वर करायचा, नाकातून शिट्टीसारखा बारीक आवाज करत श्वास घ्यायचा... आणि धरून ठेवायचा. तो "झालं" म्हणेपर्यंत सगळ्यांनी पुतळा व्हायचं. त्याची लेक ठकी या खेळात मोठी पटाईत.

तो गेला तोही असाच. स्टुडिओत.

हात वर केला. श्वास घेतला...

त्या दिवशी गायला बसलेले बुवा माझा हात धरून रडले. "हात हळूच मांडीवर आला रे त्याचा. वाटलं, दमला असेल. हलायचं नाही म्हणून आम्ही बसूनच राहिलो. आता झालं म्हणेल, मग म्हणेल..."

त्याने म्हटलंच नाही.

काही महिन्यांनी वहिनीचा फोन आला.

"भाऊजी, तो डबा म्हणतोय, जागा संपत आली. मी तर त्याला हातही लावलेला नाही."

मी गेलो. टेबलावर माइक तसाच होता. धूळ पुसून स्क्रीन नीट पाहिला.

रेकॉर्डिंग चालू होतं.

कधी सुरू झालं ते बघितलं. पुन्हा बघितलं. दादा गेला ती दुपार. तीच वेळ. तेव्हा घरात कुणीही नव्हतं. वहिनी ठकीला आणायला शाळेत गेली होती.

सुरुवातीचा तुकडा मी माझ्या लॅपटॉपवर घेतला. हेडफोन लावले.

आधी काहीच नाही.

मग... शिट्टीसारखा बारीक श्वास. आत घेतलेला.

बाहेर सोडल्याचा आवाज आलाच नाही.

पुढे कितीतरी वेळ रिकामं घर. मग कुलूप उघडलं. ठकीची बडबड. "आधी हात धू गं बाई," वहिनी हसत म्हणाली.

आणि फोन वाजला.

मी हेडफोन काढले. तो फोन मीच केला होता.

वहिनीला मी फक्त श्वासापर्यंत ऐकवलं. ती हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून बसून राहिली.

"मोठी डिस्क बसवा, भाऊजी."

"त्यासाठी हे थांबवावं लागेल, वहिनी."

"मग राहू द्या."

दारात ठकी उभी होती. "काका, बाबांना किती त्रास होत असेल. त्यांना कुणी श्वास सोडा म्हटलंच नाही. मी म्हणू? झा..."

वहिनीने झेप घेऊन तिच्या तोंडावर हात ठेवला. तसंच तिला पोटाशी धरलं आणि रडली... अजिबात आवाज न करता.

रेकॉर्डिंग चालू होतं ना.

मी रोज देवापुढे बसतो. त्याला मोकळं कर, असं मागायला जातो, तोच वहिनीचा चेहरा समोर येतो. मागणं ओठांतच राहतं.

काल तिचा पुन्हा फोन आला. दबक्या आवाजात. डिस्क भरली. शिल्लक जागा शून्य दाखवते. रेकॉर्डिंगचे आकडे मात्र पुढे सरकतच आहेत...

"अजून धरलाय त्यांनी," म्हणाली.

दादाचा म्हणायचा राहिलेला तो शब्द मी इथे लिहिला खरा, पण वहिनीने ठकीचं तोंड दाबलं तेव्हापासून तोंडाने उच्चारलेला नाही. बायकोलाही "जेवलीस का" एवढंच विचारतो.

तुम्हीही वाचताना तो मनातच वाचा.