सहावं बोट

पहिल्याच भेटीत मला त्याचे हात खटकले.

चिंचवडचं रेल्वेचं फाटक बंद होतं आणि मालगाडी काही केल्या संपत नव्हती. मी बगलेत ड्रॉइंग बोर्ड धरून उन्हात उभी. शेजारी सायकल टेकवून एक तरुण. खाकी कपडे, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या. त्यानं माझ्या बोर्डाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, परत बोर्डाकडं पाहिलं.

"लेबल काढून मिळंल का, बाई?"

मनात म्हटलं, घ्या, आला आबाजी मास्तरांचा माणूस.

हे मास्तरांचं प्रकरण आधी सांगायला हवं. स्टेशनजवळ दोन खोल्यांत आबाजी मास्तरांचा वर्ग भरायचा. लेबलं, खोकी, दुकानाच्या पाट्या यांवर काय आणि कसं काढायचं, ते तिथं शिकवत. साल सत्तावन्न. पिंपरीला औषधाचा कारखाना सुरू झालेला, आसपास लहानसहान वर्कशॉप निघत होती, आणि मास्तर म्हणायचे, कमळं आणि हंस खूप झाले, आता पोटापाण्याचं काढा. शेवटच्या वर्षाला प्रत्येकानं आपलं गिऱ्हाईक आपण शोधायचं, त्याचं काम करायचं आणि कागदावर 'पसंत' अशी सही आणायची. सही आली की मास्तर पुण्याच्या एका छापखान्याला चिठ्ठी देत आणि नोकरी लागे.

पण त्यात एक मेख होती. दर वर्षी मास्तर प्रत्येकाकडं एक खोटं गिऱ्हाईक पाठवत. ते शब्द फिरवायचं, वेळ खायचं, जीव नकोसा करायचं. ओळखलं तर वाचलात. नाही ओळखलं तर सगळी मेहनत पाण्यात, कारण खोट्याची सही चालत नसे.

"खरं कसं ओळखायचं?" आम्ही विचारलं होतं.

"खऱ्याचं काहीतरी जाणार असतं," मास्तर म्हणाले. "काय जाणार, ते त्यालाच विचारा."

आम्ही ते वहीत सुवाच्य अक्षरात लिहून घेतलं. विचारलं मात्र कुणीच नाही.

माझं तर सगळंच त्या चिठ्ठीवर अडलं होतं. वडील साताऱ्याकडून कारखान्यात आलेले. चैत्र सरेपर्यंत नोकरी लागली नाही, तर इंदूला मामाकडं गावी पाठवायची, असं घरात ठरून गेलेलं. इंदू म्हणजे मी.

"कसलं लेबल?" मी त्या तरुणाला विचारलं.

"हात धुवायच्या पावडरीचं. मीच केलीय. कामगारांसाठी हाय."

"चित्र काय हवं?"

"हात."

"छान, स्वच्छ हात..."

"न्हाई, न्हाई. काळा पायजे. नखांत ऑइल दिसलं पायजे."

आता सांगा, हात धुण्याच्या डब्यावर मळका हात कोण मागेल? मी सरळ विचारलं, "तुम्ही काम काय करता?"

"फिटर हाय. ह्या पलीकडच्या वर्कशॉपात."

मी त्याच्या हातांकडं पाहिलं. पूजेला बसणाऱ्या माणसासारखे स्वच्छ. नखं पांढरी. माझ्या वडिलांचे हात दिवाळीच्या अभ्यंगानंतरही इतके निघत नसत. फिटर म्हणे.

फाटक उघडलं. तो म्हणाला, "माझं नाव ज्योतीराम. तळवड्याचा. उद्या येतो वर्गावर." आणि हसला. हसणं बरं होतं, म्हणून तर मी जास्तच सावध झाले.

माझ्याकडं दुसरं गिऱ्हाईकही होतं. सुभद्राबाई. गोडा मसाला करायच्या. इतक्या गोड बोलायच्या की विचारू नका. येताना लाडू आणायच्या, माझ्या केसांची चौकशी करायच्या आणि मग हळूच म्हणायच्या, "मिरची जरा डावीकडं घेऊ या का गं?" मी ती मिरची पंधरा वेळा हलवली. मनापासून हलवली.

ज्योतीराम दर दोन दिवसांनी मधल्या सुट्टीत यायचा. टेबलाशी उभा राहायचा आणि काहीही दाखवलं तरी मान हलवायचा.

"अंगठा लहान वाटतो का?"

"न्हाई... झ्याक हाय."

"मोठा करू?"

"करा की. तसा बी झ्याकच दिसंल."

"तुम्हाला नक्की हवंय तरी काय?"

"तुमी काढत ऱ्हावा," तो म्हणायचा आणि खिशातून कैरी काढून टेबलावर ठेवायचा.

"ही लाच आहे का?"

"झाडाची कैरी हाय, बाई. मिठासंगं खा."

तो गेला की मी कैरी खायची आणि त्याचं वागणं पारखत बसायची. हा चुका का काढत नाही? मास्तरांनी ह्याला नीट पढवलं नाही, की हीच त्यांची नवी चाल आहे? आणि तो यायच्या वेळेला मी वेणी नीट करते, ते कशासाठी? ह्या शेवटच्या प्रश्नाकडं मी लक्ष दिलं नाही.

शेवटी मी सापळा लावला. लेबल पुरं केलं, काळा पंजा, नखांत ऑइल, सगळं त्याच्या मनासारखं. फक्त हाताला सहा बोटं काढली. खऱ्या गिऱ्हाईकाला दिसल्याशिवाय राहणारच नाही. मग हसून दुसरं काढून द्यायचं.

त्यानं लेबल हातात घेतलं. बराच वेळ उभा राहिला.

"पसंत?" मी विचारलं.

"लई झ्याक. सोमवारी वर्कशॉपच्या स्टोअरला दावतो."

झालं, ठरलं. हा खोटा. मी त्याला लेबल तसंच नेऊ दिलं आणि सुभद्राबाईंची मिरची सोळाव्यांदा हलवायला बसले.

मंगळवारी सुभद्राबाईंची सही घेऊन मी मास्तरांपुढं उभी राहिले, अगदी छाती फुगवून. मास्तरांनी कागद वाचला, चष्मा पुसला आणि आतल्या खोलीकडं तोंड करून म्हणाले, "अहो, चहा आणा."

चहा घेऊन सुभद्राबाई बाहेर आल्या.

"ही माझी मेहुणी," मास्तर म्हणाले.

"आणि... तो फिटर?"

"कोण फिटर?"

चहा तसाच टाकून मी वर्कशॉपच्या फाटकाशी जाऊन उभी राहिले. शिफ्ट सुटली. माणसं मला बघत बघत बाहेर पडली आणि सगळ्यांच्या मागून तो आला. मान खाली. आणि हात... मनगटापर्यंत काळे.

"आज धुतले नाहीत?" माझ्या तोंडून निघालं.

"कशानं धुवायचे? डबं समदं घरी नेऊन टाकलं." त्याचा आवाज शांत होता, म्हणून जास्त लागला. "हिंदुराव स्टोअरकीपर म्हणला, ही पावडर सहा बोटांच्या मानसांसाठी हाय का? समदं स्टोअर हसलं. आता पोरं मला सहाबोट्या म्हणत्यात."

म्हणजे रोज दिसणारे ते पांढरेशुभ्र हात त्याच्याच पावडरीचे होते. पुरावा माझ्या नाकासमोर होता आणि मी त्यालाच लबाडी समजले होते. मी जे केलं होतं, ते सगळं त्याला सांगितलं. खोटं गिऱ्हाईक, सापळा, सगळं. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

तो ऐकत राहिला. मग डोळे बारीक करून म्हणाला, "आन आता सही पायजे आसंल."

"नको."

"कागद पिशवीत आसंल."

मी पिशवी उलटी केली. पेन्सिली पडल्या, खोडरबर पडलं, रिकामा कागद पडला. सहीचा कागद मास्तरांच्या टेबलावरच राहिला होता.

"मग कशापायी आलासा?"

"पहिल्या दिवशी विचारायचं होतं, ते विचारायला. तुमचं... काय जाणार होतं?"

त्यानं दोन्ही तळवे माझ्यापुढं धरले.

"आमी घासलेटानं हात धुतो. त्यानं कातडं फुटतं. जेवताना चटणी अशी झोंबती, की मानसं नुसत्या पाण्यासंगं भाकर खात्यात. आईच्या रिठ्याची पूड, सोडा, लाकडाचा भुसा... वरीसभर खटपट केली. हिंदुराव म्हणला हुता, नीट डबा आण, एकडाव बघतो. ते एकडाव गेलं. मळका हात म्हून पायजे हुता, बाई. कामगार डबा बघंल, त्याला आपलाच हात दिसंल."

मला रडू आलं. ते मी लपवलं नाही.

"घरून एक डबा घेऊन या," मी म्हणाले. "मी इथंच थांबते."

"ही बी परीक्षाच न्हाई ना?"

"आहे. माझी."

तो सायकल दामटत तळवड्याला गेला आणि डबा घेऊन आला. वर्कशॉपच्या नळावर मी त्याला एकच हात धुवायला लावला. मग तो दगडावर दोन्ही हात पुढं करून बसला, एक काळाकुट्ट आणि एक लख्ख, आणि मी काढत गेले.

"बोटं मोजा," मी म्हणाले.

"धा," तो म्हणाला. "दोन डाव मोजली."

ज्योतीरामनं हट्टानं पुढं धरलेलं ते लेबल हिंदुरावांनी पाहिलं, स्वतःचे हात पाहिले आणि पहिला डबा स्वतःसाठी ठेवून घेतला. बाकीचे स्टोअरला लागले.

शनिवारी ज्योतीराम वर्गावर आला. मास्तरांकडून कागद मागून घेतला, माझ्या टेबलाशी बसला आणि एकेक अक्षर जोडत 'पसंत' लिहून सही केली. मास्तर चिठ्ठी लिहायला आत गेले. टेबलावर कैरी नव्हती. मला उगाचच चुकल्याचुकल्यासारखं झालं.

"एक सांगाल?" मी म्हणाले. "सहावं बोट तुम्हाला दिसलं कसं नाही?"

तो कागदाचा कोपरा सरळ करत राहिला.

"चित्र बघितलं आसतं, तर दिसलं आसतं."

"मग इतका वेळ काय बघत होता?"

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. पण मी एकदा चांगलीच फसले होते, म्हणून कडक आवाज काढला.

"हे मास्तरांनी पढवून पाठवलंय का?"

"न्हाई."

"खरे असाल, तर तुमचं काहीतरी जाणार असेल. काय जाणार आहे तुमचं?"

त्यानं सही केलेला कागद माझ्याकडं सरकवला.

"तुमी," तो म्हणाला. "पुण्याला."

आत मास्तरांचा टाक कागदावर कुरकुरत होता. मी कागदाची घडी घातली, उलगडली, परत घातली.

"पुण्याहून संध्याकाळची गाडी असते," मी म्हणाले. "ती रोज चिंचवडला थांबते... आणि तेव्हा फाटक बंद असतं."

"किती वेळ?"

"बराच वेळ. सायकलवाल्यांना थांबावंच लागतं."

"थांबंन की," ज्योतीराम म्हणाला, आणि खिशातून कैरी काढून टेबलावर ठेवली.