पहिला रविवार, दहा ते बारा

शिरपूरच्या बाहेर, कापसाच्या शेतांना लागून, आईबाप नसलेल्या मुलांची पाच घरं आहेत. वसतिगृह म्हणू नका, तिथल्या बायका रागावतात. प्रत्येक घरात आठ मुलं, एक स्वयंपाकघर आणि एक आई. तिसऱ्या घराची आई कोकिळा. वय पंचेचाळीसच्या पुढे, तोंड फटकळ, आणि तिच्या पोरांकडे कुणी वाकड्या नजरेनं पाहिलं तर त्याची खैर नसे.

वैशाखातली दुपार होती. वीज गेलेली, कूलर मुका, मुलं फरशीवर ओळीनं झोपलेली. कोकिळा दारात लसूण सोलत बसली होती. कुत्रंही बाहेर पडणार नाही अशा त्या उन्हात फाटकाशी एक बाई येऊन उभी राहिली. तिच्या लुगड्यातून पाणी निथळत होतं. शेवाळाचा वास दारापर्यंत आला.

"मनी सुली कोठे शे?" बाई हळू, अहिराणीत बोलली. "माले मनी पोर दे. लेवाले उनू..."

सुली म्हणजे सुलक्षणा, सहा वर्षांची. आठ महिन्यांपूर्वी तिच्या आईनं तिला कडेवर घेऊन विहिरीत उडी टाकली होती. पोर वाचली, आई गेली. कोकिळाला हे ठाऊक होतं, आणि तीच मेलेली आई पोर न्यायला आली आहे हेही कळलं. पण भुतापुढेही कोकिळाची जीभ अडखळत नाही.

"बालकल्याण समितीचा कागद आणलाय?"

बाईनं नकारार्थी मान हलवली.

"मग पोर मिळायची नाही. तू तिची आई असशील. मीही आईच आहे."

"मंग... कव्हय येऊ?"

वीस वर्षांची सवय. भेटीला आलेल्या प्रत्येक नातेवाइकाला जे सांगायचं, तेच कोकिळाच्या तोंडून निघून गेलं. "पहिल्या रविवारी, दहा ते बारा. भेट इथेच, माझ्यासमोर. वहीत अंगठा लागेल."

बाईनं मान डोलावली. पापणी लवते न लवते तोच फाटक रिकामं झालं. मग कोकिळाला उमगलं, आपण काय करून बसलो ते. हाकलून द्यायचं सोडून तिला बोलावणं दिलं होतं.

अधीक्षक लीलाधर नानांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा पुसला. "रविवारी पोरीला धुळ्याला पाठवू. तू घर बंद ठेव."

"आणि सोमवारी आली तर, नाना? किती दिवस पळवायचं पोरीला? येऊ द्या. नियम सगळ्यांना आहे, तसा तिलाही आहे."

कोकिळा स्वतः धुळ्याच्या अनाथालयात वाढली. दर पहिल्या रविवारी ती दोन वेण्या घालून, आईची वाट पाहत पायरीवर बसायची. अठरा वर्षांची होईपर्यंत बसली. कुणीही आलं नाही. म्हणूनच ज्याच्याकडे कुणी येतं, त्याची भेट मोडायला तिचा जीव होत नसे.

रविवारी तिनं ओट्यावर दोन खुर्च्या मांडल्या. एकीवर सुलीला मांडीवर घेऊन बसली. दुसरी रिकामी, शेजारी स्टुलावर वही. दहा वाजले आणि शेवाळाचा वास आला. रिकाम्या खुर्चीखाली टप्... टप्... पाणी पडू लागलं.

"मनी माय उनी," सुली म्हणाली. घाबरली नाही.

ती बोलत राहिली. पडलेला दात, शाळेतलं गाणं, शेजारच्या घरातलं मांजर. बोलता बोलता ती खुर्चीकडे झुकली, आणि कोकिळाच्या मांडीवरचं वजन हलकं होऊ लागलं. कापडाची बाहुली धरावी इतकं हलकं. कोकिळानं दोन्ही हातांनी तिला आवळलं.

"एकदा नेलंस तिला पाण्यात," ती खुर्चीला म्हणाली. "आता नाही. बघ, बोल, माया कर. हात लावायचा नाही."

पाणी क्षणभर थांबलं. पोरीचं वजन हळूहळू परत आलं. बारा वाजेपर्यंत कोकिळानं मिठी सोडली नाही.

"वेळ संपली," ती म्हणाली. वहीत एक ओला अंगठा उमटला, वास विरला, खुर्चीखालचं ठिबकणं थांबलं. कोकिळाचे डोळे भरून आले. पोर तिच्याजवळच होती.

"माय गयी," सुली म्हणाली. "पन ती दुसरी बसेल शे."

"कोण दुसरी?"

"पायरीवर... म्हतारी. तुनाकडेच देखी राह्यनी."

पायरीवर कुणी नव्हतं. दगड मात्र ओला होता. कोकिळा त्याच्याकडे पाहत राहिली. मग तिचा चेहरा कठीण झाला.

"तिला सांग, कोकिळाच्या भेटीची वेळ कधीच टळून गेली. इथे आता मुलांना भेटतात."

तिनं सुलीला आत नेलं आणि कडी घातली. तेव्हापासून पहिल्या रविवारी ती पायरीकडे पाठ करून बसते. वहीत त्या रविवारच्या पानावर दोन अंगठे उमटले आहेत. सुलीच्या आईचा वाळून फिका झाला. दुसरा अजून ओला आहे.