पोचवून येतो

किसनरावांना पाहुणा पोचवायची सवय होती. पाहुणा म्हणजे नातेवाईकच असावा, असंही नव्हतं. मीटर पाहायला आलेल्या माणसालाही ते कोपऱ्यापर्यंत सोडून येत. स्टँडवर गेले तर एसटी हलेपर्यंत खिडकीखाली उभे राहत, आणि एसटी वेळेवर हलत नसल्यानं त्यांच्या आयुष्याचा बराचसा भाग अकोला स्टँडवर गेला होता. "घरून मानूस एकटा जाऊ नये," एवढंच त्यांचं तत्त्वज्ञान.

त्यांचा मुलगा ललित शाळेत संगीत शिकवायचा. अर्धं आयुष्य पुढाऱ्यांसाठी स्वागतगीतं बसवल्यावर त्याला स्वतःचं काही करावंसं वाटलं, आणि हाती लागला तो थेट एक रशियन चित्रकार. रद्दीच्या दुकानात त्याच्या चित्रांचं पुस्तक मिळालं. निळे डोंगर, जांभळं आभाळ, खाली तिळाएवढा माणूस. शेवटच्या पानावर चित्रकाराचा फोटो, पांढरी टोकदार दाढी. डोंगरापलीकडे एक गुप्त नगरी आहे, असं या गृहस्थाला वाटे. ती शोधत तो हिमालयात आला, एका पहाटे तंबूतून निघून खिंडीकडे चालू लागला, आणि परतला नाही. ललितनं त्याच्या आयुष्यावर चार भागांची रचना बांधली. अमरावतीच्या एका मंडळानं कार्यक्रमही ठेवला. पत्रिकेवर 'संगीतकार' या शब्दापुढे आयुष्यात प्रथमच त्याचं नाव छापून आलं. ती त्यानं फ्रिजवर चिकटवली.

तालीम घरीच, आणि मे महिना. ललित हार्मोनियमवर, लग्नाच्या बँडमधले इनायतुल्ला मास्टर क्लॅरिनेटवर. चित्रकाराची चाल क्लॅरिनेटकडे होती. कूलरच्या घरघरीत काही ऐकू येत नसे, म्हणून कूलर बंद. तीन भाग घाम पुसत झाले. चौथ्यात चित्रकार तंबूतून निघाला आणि इनायतुल्ला थांबले.

"सर, बाजा उतरून राहिला."

"मे महिन्यात? गरमीत तर सूर चढतो."

"चढाले पायजे. पन उतरला ना." त्यांनी शर्टाची वरची बटणं लावून घेतली. मे महिन्यात अकोल्यात कोणी बटणं लावताना ललितनं पाहिलं नव्हतं. मग त्याच्या लक्षात आलं, त्याचाही घाम वाळला होता.

खुर्चीतले किसनराव उठले आणि चपला घालू लागले. "येतो पोचवून."

"कोणाला, बाबा?"

"पाहुन्याले. चालला ना तो."

बऱ्याच वेळानं परतले. चपला ओल्या होत्या. पट्ट्याच्या शिवणीत पांढरं काही अडकलं होतं. ललितच्या बायकोनं, रागिणीनं, बोट लावलं, तर विरघळलं.

"गोळेवाल्यापाशी उभे असतील," ललित म्हणाला. त्याला तालीम पुढं न्यायची होती.

पुढच्या तालमीला किसनराव मोर्णा नदीच्या पुलापर्यंत गेले. त्याच्या पुढच्या वेळी मूर्तिजापूर रस्त्याला लागले. दर वेळी परतायला जास्त उशीर, हात जास्त गार.

"बोलत नाई जास्त," ते पाहुण्याबद्दल सांगत. "पन वाट चढाची हाये. सोबत लागते."

अकोल्यात चढ फक्त उड्डाणपुलाला आहे.

"अहो, तो चौथा भाग काढून टाका," रागिणी म्हणाली. "एखाद्या दिवशी बाबा वापस यायचे नाहीत."

"तोच तर खरा भाग आहे. तो काढला की उरतं स्वागतगीत."

"मग त्या माणसाला वापस आणा. नुसतंच काय पाठवून देता?"

कलेच्या दृष्टीनं हा गावठीपणा होता. पण फ्रिजवरची पत्रिका आणि बापाचे गार हात, दोन्ही सांभाळणारा दुसरा तोडगा ललितला सुचेना. त्यानं पाचवा भाग बांधला. परतीचा.

"वापस कोन येते, सर?" इनायतुल्लांनी विचारलं. "म्हंजे कोनाच्या चालीनं वाजवू?"

"चित्रकाराच्या. दुसरं आहेच कोण त्यात?"

इनायतुल्लांनी मान हलवली. बँडवाल्याला फर्माईश होईल ते वाजवायची सवय असते.

कार्यक्रमाच्या दिवशी किसनरावांना घरीच ठेवलं. रागिणीनं त्यांच्या चपला गव्हाच्या कोठीत लपवल्या आणि दाराच्या जाळीला कुलूप घातलं.

अमरावतीचा हॉल संध्याकाळी बऱ्यापैकी भरला. चौथ्या भागात पुढच्या रांगेतल्या बायकांनी खांद्यावरून पदर ओढून घेतले. आयोजकानं कौतुकानं एसीकडे पाहिलं. एसी बंद होता.

हार्मोनियमवर ठेवलेला फोन उजळला. रागिणी. पुन्हा उजळला.

ललितनं उचलला नाही. खिंड जवळ आली होती.

मग पाचवा भाग. क्लॅरिनेट हळूहळू चढत सुरात आलं. लोक पत्रिकांनी वारा घेऊ लागले. टाळ्या बराच वेळ पडत राहिल्या.

पडद्यामागं जाऊन त्यानं फोन लावला.

"बाबा घरात नाहीत," रागिणी म्हणाली. "कुलूप जसंच्या तसं आहे. किती फोन केले तुम्हाला."

"परतीचं वाजवलं आत्ताच. येतील."

"थांबा, जाळी वाजली."

कुलूप उघडल्याचा आवाज आला. चपला काढल्याचा. खुर्ची करकरली.

"आले ना?"

"चपला बाबांच्याच आहेत," ती हळूच म्हणाली. "ओल्या आहेत."

"आणि बाबा?"

"एक उंच म्हातारा आहे. पांढऱ्या दाढीचा. बाबांच्या खुर्चीत बसला."

"काय म्हणतो?"

"म्हणतो, आलो पोचवून."