हौसाच्या अंगठ्यांची गाठ

ही गोष्ट खरी आहे. पटत नसेल तर जिते स्टेशनला उतरा आणि काळुरामच्या हाताची नखं बघा.

एकही धड नाही.

काळुराम डोलवीला कंपनीत कंत्राटावर. बारा तास भट्टीपाशी उभा. अंगातलं पाणी घामात जायचं आणि रात्री दोनला पोटरीत गोळा यायचा.

"हौसे, ऊठ गो! मेलो!"

बायको उठायची. त्याचा गुडघा सरळ दाबायची, पंजा वर ढकलायची. गोळा विरायचा. साहेब घोरायला मोकळे.

गोळा हौसालाही यायचा. मिठागरात राबलेले पाय ते. तेव्हा काळुराम कुशीवर वळायचा.

"तुझा तूच चोळ. मला सकाळी शिफ्ट हाय."

यंदा मे महिन्यात हौसा तापानं गेली.

रीतीप्रमाणे त्यानंच तिच्या पायांचे अंगठे सुतळीनं एकत्र बांधले. चितेवर ठेवल्यावर ती गाठ सोडायची असते.

ते राहून गेलं. आठवलं तेव्हा राख थंड झाली होती.

आता रात्री उठवायचं कुणाला? तो पेणला डॉक्टरकडे गेला. डॉक्टर म्हणाले, पाणी भरपूर प्या, झोपण्याआधी भिंतीला हात टेकून पोटऱ्या ताणा. त्यानं इमानानं केलं. गोळे थांबले.

त्यानंतर दहाव्या रात्री जाग आली... दोन वाजले होते.

पाय ठणठणीत.

कण्हणं मात्र ऐकू येत होतं... शेजारच्या रिकाम्या गोधडीवरून.

"आवो... पाय..."

काळुराम सवयीनं कुशीवर वळला.

आणि मग ताडकन उठून बसला.

त्यानं अंधारात हात लांब केला. पोटरी हाताला लागली. थंड, दगडासारखी कडक. पंजा धरून वर ढकलायला गेला, तर...

दुसरा पायही बरोबर आला.

दिवा लावला. गोधडी रिकामी.

विझवला. कण्हणं सुरू.

रोज हेच. सून अनिता एकदा उठून आली.

"बाबा, अंधारात काय सोडत बसता वो?"

"गाठ."

"मग कापून टाका की!"

"विळा घेतला की पाय नसतात गो."

रोह्याहून भगत आणला. तो म्हणाला, ज्यानं बांधली त्यानंच सोडायची. एवढं सांगायला दोनदा चहा प्याला.

परवा पहाटे कण्हणं अचानक थांबलं. काळुरामला वाटलं, सुटली बिचारी.

मग कानाशी, अगदी मायेनं...

"ऱ्हाऊ द्या. झोपा तुमी. सकाळी शिफ्ट हाय ना?"

तेव्हापासून काळुराम कामावर गेलेला नाही.

गाठ तशीच आहे.