न उलटलेला किडा

डोकं

"खून झालाय," प्राजक्ता म्हणाली. "पण आधीच मेलेल्याचा."

काचीगुडा स्टेशनासमोर कुसुमताईंची एका खोलीची तपाससंस्था होती. त्यांचा भागीदार शिवराज चहा बशीत ओतता ओतता थांबला.

समुद्री किड्यांवर संशोधन करणाऱ्या प्राजक्ताने फोनवर फोटो दाखवला. बोटभर लांबीचा, खवल्याखवल्यांचा किडा.

"दक्षिण ध्रुवाजवळच्या समुद्रातला आहे. पाठीवर खवल्यांच्या पंधरा जोड्या. दोन्ही बाजूंना पाय आणि प्रत्येक पायाला राठ केसांचा झुबका. अशी एक जात शास्त्राला माहीत आहे. माझ्या मते ही दुसरी. बाहेरून हुबेहूब तीच दिसते, फरक निघाला तर डीएनएतच."

"मग बघा की," शिवराज म्हणाला.

"तीनदा बघितलं. काही मिळत नाही. तपासणाऱ्यांचं म्हणणं, किडा फॉर्मलिनमध्ये राहून आलाय. फॉर्मलिनमध्ये शरीर टिकतं, पण डीएनएचा चुरा होतो. मी तो अल्कोहोलमध्ये आणला होता. आताही तो अल्कोहोलमध्येच आहे. मधे कुणीतरी..."

"दुसरा किडा?"

"नाही. एकच मिळाला. परत तिकडे जायला जहाज कधी मिळेल, मिळेल की नाही, देव जाणे. सोमवारी आमच्या संशोधन संस्थेची चौकशी समिती बसतेय. त्यांच्या मते जहाजावर माझ्याच हातून बरणीत फॉर्मलिन पडलं. नोकरी जाईल माझी."

"किड्याची बरणी संस्थेबाहेर गेली होती?" कुसुमताईंनी विचारलं.

"बाहेर न्यायला परवानगीच नाही. नेणाऱ्याला त्याच दिवशी काढतात."

कुसुमताईंनी मान डोलावली. "फोटो सगळे असेच?"

"हौ, फक्त पाठीचे. उलटवायची हिंमतच झाली नाही. नुसता हात लागला तरी खवले गळत होते."

पाय

प्राजक्ताच्या संस्थेतल्या कपाटाच्या किल्ल्या दोघांकडे होत्या, तिच्याकडे आणि तिचा सहकारी विक्रम याच्याकडे. अशा किड्यांची जगात एकच जात आहे, असा निबंध विक्रमने छापला होता.

"म्हणजे फायदा तुमचा," शिवराज म्हणाला.

"अरे भाई, लाइट लो," विक्रम हसला. "मला नासवायचाच असता तर बरणी खाली पाडली असती. 'सॉरी मॅडम, हात घसरला.' बस्स. कायकू इतका कुटाणा करू?"

"शहाणा दिसतो," बाहेर आल्यावर शिवराज पुटपुटला. "शहाणेच करतात असले उद्योग."

कुसुमताईंनी बरणी मागवली. "प्राजक्ता, जरा ब्रश फिरव त्याच्या पाठीवरून."

तिने श्वास रोखून ब्रश फिरवला. एकही खवला हलला नाही. किडा ताठ होता, नीटनेटका. बरणीच्या तळाशी करंगळीएवढी काचेची नळी होती. तिच्यात तीन सुटे खवले होते आणि तोंडाला कापसाचा बोळा. आजूबाजूच्या कपाटांतल्या झाडून सगळ्या नळ्यांना प्लास्टिकची बुचं होती.

"तुला हे किडे बघायला कुणी शिकवलं?" कुसुमताईंनी विचारलं.

पोट

(वर्णन उपलब्ध नाही. ज्यांना माहीत होतं त्यांनी सांगितलं नाही.)

केस

नल्लकुंट्यात भाजी मार्केटच्या मागे अनंतराव राहत. ते प्राजक्ताचे गुरू. गुडघे गेल्यापासून त्यांनी संस्थेचा जिना पाहिला नव्हता. खोलीभर नळ्याच नळ्या, प्रत्येकीला कापसाचा बोळा.

"या, या. ही पोरगी सांगते, तुम्ही गुप्तहेर आहात. माझ्याकडे चोरण्यासारखं काही नाही बघा. सगळे किडे."

"सर, हे किडे टिकतात कसे?" शिवराजने विचारलं.

"आधी ताठ करावा लागतो, बाबा. नुसत्या अल्कोहोलमध्ये टाकलेला किडा म्हणजे लोणच्यातली सडकी मिरची. हात लावला की गेली."

टेबलावर प्राजक्ताच्या किड्याचं चित्र होतं. केसांच्या टोकांचे दातसुद्धा वेगवेगळे दिसत होते. बाजूला त्याच किड्याचं पोट, पायांच्या मुळाशी बारीक बारीक उंचवटे.

"अप्रतिम," कुसुमताई म्हणाल्या.

"सरांनी फोटो पाहून काढलंय," प्राजक्ता घाईने म्हणाली.

शेपूट

कुसुमताई खुर्चीत बसल्या.

"फोटो पाठीचे. मग पोट कुठून आलं?"

प्राजक्ताने चित्र पालथं घातलं.

"बरणी बाहेर गेली का, असं विचारलं तेव्हा तू मला नियम सांगितलास, उत्तर नाही दिलंस. विक्रम म्हणाला ते खरंच आहे. नासवणारा बरणी पाडतो. इथे कुणीतरी गळणारे खवले घट्ट केले, किडा धुऊन परत अल्कोहोलमध्ये ठेवला. गळालेले तीन खवलेही जपले, कापसाचा बोळा लावून. हे शत्रूचं काम नव्हे. ज्याचा जीव त्या किड्यात होता, त्याचं आहे."

शिवराजने खोलीतल्या नळ्यांकडे पाहिलं. मग अनंतरावांकडे.

"चित्राशिवाय नवी जात छापत नाहीत," प्राजक्ता हळूच म्हणाली. "आणि असं चित्र फक्त सर काढतात. आठवडाभर बरणी इथे होती. पण मी फॉर्मलिनचा विचारच... मला वाटलं, विक्रम."

अनंतराव गोंधळून एकेकाकडे पाहत होते. "उलटवला आणि तीन खवले माझ्या चिमट्याला आले. घाबरलो गं. पोरीचा एकुलता एक किडा! फॉर्मलिन दिलं, धुतलं, परत ठेवला. आम्ही जन्मभर तसंच केलं. त्यात काय बिघडलं?"

शेवटी प्राजक्तानेच सांगितलं, गुरूने शिष्याला सांगावं तसं, हळूहळू. फॉर्मलिन म्हणजे काय, डीएनए म्हणजे काय. ऐकून झाल्यावर अनंतरावांनी काठी जवळ ओढली.

"मी येतो सोमवारी. सांगतो, मी केलं. रिक्षात घाला मला."

"सर, बरणी तुमच्याकडे आली कशी, हेच आधी विचारतील."

"मग?"

"मग नोकरी तशीही जाते. वर तुमचं नावही खराब होईल."

"मग काय सांगायचं त्यांना?" शिवराजने कुसुमताईंना विचारलं.

"कुणी केलं ते मला शोधता येतं, येड्या हौल्या. पुढचं येत नाही."

प्राजक्ताने चित्र उचललं. सरांच्या पुस्तकातल्या, आधीच माहीत असलेल्या जातीच्या छापील चित्राशेजारी धरलं. केसाला केस जुळत होता, दाताला दात.

"तो वेगळाच होता ना गं?" अनंतरावांनी विचारलं.

"आता कुणाला विचारू, सर?"