जीव पाठवलेल्या खुर्च्या

पडद्यावर जाहिराती चालू होत्या, आणि तो माणूस पहिल्या रांगेच्या पार कोपऱ्यात, छतावर पाल दिसल्यासारखा मान वर करून बसला होता. ब्याऐंशी खुर्च्यांच्या त्या थिएटरात आम्ही दोघंच.

मला दुसऱ्याच्या मानेशी काही देणंघेणं नसतं. तरी शेवटी मीच म्हणाले, "अहो, मागे या की! मान धरेल."

"माझी जागा हीच आहे. एवढी एकच उरली होती."

"सगळं रिकामं आहे!"

"सगळं विकलं गेलंय. लोक येतील."

"कोणी येणार नाहीये..."

मग आलं ना समजावून सांगणं! 'लोखंडी बगळा' हे कॉमिक मी आठवीपासून वाचतेय. त्यावरचा हा सिनेमा साफ पडला. पडला की दुसरा भाग निघत नाही. म्हणून देशभरातले चाहते आमच्या देजॉन शहरातल्या या सकाळी नऊच्या खेळाची तिकिटं काढतात, कारण बगळ्याची गोष्ट देजॉनची, आणि खुशाल आपापल्या कामाला जातात. याला आमच्यात जीव पाठवणं म्हणतात. आपण ऑफिसात, जीव खुर्चीत.

"हां, ऐकलं होतं," तो म्हणाला. "म्हणजे आत्ता इथे ऐंशी भुतं बसलीयत?"

"भुतं नाहीत, चाहते."

"मग तर जास्तच भीती वाटते," असं म्हणत तो उठला आणि माझ्या शेजारच्या खुर्चीपाशी येऊन थांबला. "ही कोणाची?"

"माझीच. मी दोन काढते."

तेव्हा कुठे तो बसला. अंगाला मशीनच्या तेलाचा आणि पावसाचा वास येत होता. वीस मिनिटांनी पडद्यावर बगळा झालेल्या नायिकेचा बाप नदीत वाहून गेला, तेव्हा हा हळूच म्हणाला, "झालं. बाप गेला. आता चाळीस मिनिटं रडणार."

खरं सांगते, राग यायला हवा होता. हसूच आलं.

त्याचं नाव मा सनग्यू. माझं दारे, पण तो मला मानाने 'दारे-शी' म्हणायचा. चिमट्याने बाहुल्या उचलायची मशीनं असतात ना, ती दुरुस्त करायचा. काम दुपारी सुरू व्हायचं. माझं चष्म्याचं दुकानही बाराला उघडतं. बाहेर आल्यावर त्याने नाणी टाकायच्या मशीनमधून गरम कॉफीचे दोन डबे काढले.

"कॉमिकवरचे सिनेमे मला पटत नाहीत," तो म्हणाला. "दुसरा कोणीतरी गेम खेळतोय आणि आपण त्याच्या खुर्चीमागे उभं राहून बघतोय... काय अर्थ आहे?"

"मागे उभं राहून टोमणे मारता येतात की! आणि तुमच्या गेममध्ये तरी काय असतं हो? बगळ्याचा गेम मी खेळलेय. जग बुडतंय, आणि बाई आपली पिसं गोळा करतेय."

"पिसं गोळा केल्याशिवाय उडणार कशी?"

"कॉमिकमध्ये उडतेच ना!"

"कॉमिकमध्ये तुम्हाला काही करावं लागत नाही, दारे-शी. नुसतं पान उलटायचं. गेममध्ये माझ्या हातून ती चाळीस वेळा मेलीय, तेव्हा एकदा पूल ओलांडला तिने. माझं नातं जास्त जवळचं आहे."

असला आगाऊपणा! दुसऱ्या दिवशी नऊला तो पुन्हा हजर. तिसऱ्या दिवशीही. माझ्या शेजारचं तिकीट आता तोच काढायचा. खलनायकाने भाषण सुरू केलं की आम्ही दोघं एकदमच उसासा टाकायचो. एकदा पॉपकॉर्नच्या डब्यात त्याचा हात माझ्या हाताला लागला – दोघांनीही पॉपकॉर्न घेतलंच नाही. फोन नंबर त्याने मागितला नाही, मीही दिला नाही. नऊला तो असायचाच, मग नंबर कशाला?

सोमवारी तिकीट खिडकीवरच्या मुलीने सांगितलं, "बुधवारचा खेळ शेवटचा. परवानंतर उतरतोय."

मी दोनदा विचारून खात्री केली. दुसऱ्या भागासाठी? छे. नऊचा खेळ गेला की सनग्यू गेला. देजॉन काही एवढंसं गाव नाही, की भाजी घेताना सहज गाठ पडेल.

त्या दिवशी सांगावं म्हटलं. तोंड उघडलं आणि खलनायकाच्या टोपीबद्दल बोलत बसले. मंगळवारी... पाठलागाच्या प्रसंगाबद्दल. जगातल्या प्रत्येक गोष्टीवर मला मत आहे हो! नेमकं हवं तेव्हा वाचा बसली. दुकानात येऊन मी चाहत्यांच्या ग्रुपवर हट्टाने लिहिलं: 'उद्या, देजॉन, नऊ वाजता. एक खुर्ची उरता कामा नये. कदाचित खेळ वाढवतील.' मी माझं तिकीट काढलं. चार मिनिटांत बाकीचं थिएटर भरलं. केवढं बरं वाटलं मला!

बुधवारी दिवे मालवले, तरी शेजारची खुर्ची रिकामीच. उशीर झाला असेल. बाप नदीत वाहून गेला. 'झालं, बाप गेला,' असं कोणी म्हणालं नाही.

तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला आणि मी कपाळावर हात मारला. अगं बाई... तो तर रोज सकाळी येऊन तिकीट काढतो! सगळ्या खुर्च्या मीच भरायला लावल्या होत्या. आणि हा माणूस रिकाम्या थिएटरातसुद्धा दुसऱ्याच्या जागेवर बसणाऱ्यातला नाही.

आजवर मी एकही सिनेमा अर्धा सोडलेला नाही. त्या दिवशी अंधारात दोन पायऱ्या चुकवत बाहेर धावले.

तो तिथेच होता. दाराजवळच्या खांबाला टेकून.

"तिकीट नाही मिळालं," तो म्हणाला.

"मग गेला का नाहीत?"

"बाहेर पडायचं दार हे एकच आहे. म्हटलं, संपल्यावर तुम्ही याल."

"दोन तास इथे उभे राहणार होतात?"

"हो." कान लाल झाले होते त्याचे. "दारे-शी, मला तो बगळ्याचा सिनेमा अजिबात आवडत नाही. सहा वेळा पाहिला, सहाही वेळा नाही आवडला."

"माहितीये मला. वाईटच आहे तो. दुसरा भाग नाही आला तरी चालेल." माझा श्वास पुरत नव्हता, पण आता थांबायचं नव्हतं. "तुम्ही येता म्हणून हा खेळ चालू राहायला हवा होता मला. आणि मीच सगळी तिकिटं... मूर्खासारखी... मला तुम्ही आवडता. सांगून टाकलं एकदाचं!"

त्याने खिशातून फोन काढून नुसता पुढे धरला. मी माझा नंबर लिहून दिला. त्याने फोन परत घेतला आणि माझ्यासमोर उभा असतानाच मला फोन लावला. मी उचलला.

"दारे-शी," तो फोनवर म्हणाला, "उद्या सकाळी नऊला काय करताय?"

"काहीच नाही," मी म्हणाले, आणि इतका आनंद झाला की फोन ठेवायचंच राहून गेलं.