माझी हरकत आहे

स्टेशनासमोरच्या टांगा अड्ड्यावर गयासचाचा कपाळाला हात लावून उभे होते. त्यांच्यासमोर पाठीवर भलीमोठी पिशवी घेतलेला, धुळीनं माखलेला एक गोरा पोरगा होता.

"साब, जाना कां है?" चाचांनी विचारलं.

"देव तुमच्यावर प्रीती करतो!" पोरगा आनंदानं म्हणाला.

"वो तो मेरेकू मालूम है, साब. जाना कां है?"

"देव तुमच्यावर प्रीती करतो!"

मी सायकल थांबवली. त्या काळी आमच्या छावणीत सायकल चालवणारी मुलगी मी एकटीच होते आणि त्याबद्दल मला भरपूर ऐकवून झालं होतं. मी त्याला इंग्रजीत विचारलं, तेव्हा त्याचा जीव भांड्यात पडला.

"छावणीतल्या चर्चमध्ये जायचंय. मराठीतलं एवढं एकच वाक्य पाठ केलंय मी... पण ते इथं सगळ्यांना आधीच माहीत दिसतंय."

"आमच्या घरात तर तीन पिढ्यांपासून माहीत आहे," मी म्हणाले.

त्याचं नाव कॉलिन. न्यूझीलंडचा, घरची शेती आणि मेंढरं. कॉलेजच्या उन्हाळी सुट्टीत चार मित्रांबरोबर मिशनच्या कामाला निघाला होता. मित्र नगरला उतरले, हा आमच्या वाट्याला आला.

"उन्हाळी सुट्टी?" मी स्वेटरची बटणं लावत विचारलं. "अहो, डिसेंबर आहे."

"आमच्याकडे डिसेंबरात उन्हाळा असतो."

"मग थोडा सोबत आणायचा की!"

तो हसला. छान हसला... हे मी चाचांच्या घोड्याकडे बघत ठरवलं.

दुसऱ्याच दिवशी आमच्या चर्चच्या मंडळीचे दुभाषी तात्यासाहेब यांचा घसा बसला आणि काम माझ्यावर आलं. मंडळीतले काही वडीलधारे कुरकुरले. आमच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, बायकांनी गाणी गावीत, फुलं मांडावीत, नाताळच्या करंज्या तळाव्यात, पण व्यासपीठावर बोलू नये अशी रीत होती. शेवटी मंडळीचे पंच असलेल्या माझ्या वडिलांनीच, नानासाहेब पारखे यांनी, तोडगा काढला. "मिर्याम बोलत नाय. साहेब बोलतो. ती नुसती जीभ."

नुसती जीभ! बरं, म्हटलं. जीभ तर जीभ.

जवळच्या शेंद्रा गावी पारापाशी पहिली सभा झाली. कॉलिन एक वाक्य बोलायचा, थांबायचा, मी मराठीत सांगायचे. त्यानं हरवलेल्या मेंढराची गोष्ट काढली. शंभरातलं एक हरवलं, तर मेंढपाळ नव्याण्णव सोडून त्याला शोधायला जातो.

"अन् ती नव्याण्णव कुणाच्या जिवावर?" पुढं बसलेला बन्सी धनगर म्हणाला. "लांडगा काय ह्यांची वाट बघत बसतोय व्हय?"

सगळा पार हसला. मी कॉलिनला सांगितलं. वाटलं, आता पाठ केलेला उपदेश दामटेल. त्यानं हातातला कागद घडी घालून खिशात टाकला आणि सरळ बन्सीसमोर मांडी घातली.

"माझे वडीलही हेच म्हणाले होते. लहानपणी मी एका कोकरासाठी बर्फात गेलो आणि घाईत फाटक उघडं राहिलं. सगळा कळप पांगला."

"मंग? घावलं का ते?"

"घावलं. वडील मला शिव्या देत होते आणि त्या कोकरासाठी दूध तापवत होते. देव असाच असावा, असं मला तेव्हापासून वाटतं. माझ्याकडं एवढंच आहे सांगायला."

बन्सीनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग म्हणाला, "येडं हाय. पर चांगलं हाय."

"काय म्हणाला?" कॉलिननं मला विचारलं.

"म्हणाला... चहा घ्या."

त्या पारावर मी प्रेमात पडले आणि मला ते तिथल्या तिथं कळलं. आढेवेढे घेणं माझ्या स्वभावात नाही.

त्याच्या मात्र होतं. आम्ही गावोगाव हिंडलो. टपरीवर कप पुढं करताना बोटांना बोटं लागायची, तो कानापर्यंत लाल व्हायचा आणि हवेबद्दल बोलू लागायचा. एकदा पाणचक्कीच्या हौदापाशी मी सरळच विचारलं.

"तू माझ्याकडं बघतोस आणि मग मासे मोजायला लागतोस. काय भानगड आहे?"

"आमच्या तुकडीचा नियम आहे," तो हौदात बघत म्हणाला. "कामावर असताना कुणाच्या... म्हणजे, मन गुंतवायचं नाही. शब्द दिलाय मी."

"मग? मोडलास?"

"अजून नाही."

"अजून?"

"मिर्याम, कृपा करून मला मासे बघू दे."

काय करायचं अशा माणसाचं! मीही मासे बघितले. दिलेला शब्द पाळणारा माणूस आवडायला लागला की पंचाईतच असते.

आणि मग बाबांनी घरी सांगितलं, की माझं लग्न ठरलंय. जालन्याचे विधुर मास्तर, काकासाहेब साळवे. मास्तर वाईट नव्हते. एकदा चहाला आले तेव्हा मी समोर असून त्यांनी सगळा वेळ कपबशीकडं बघितलं, इतकंच. येत्या रविवारी उपदेश संपला की पहिली पुकार होणार होती. आमच्यात लग्नाआधी तीन रविवार पाळकसाहेब, म्हणजे आमचे पाद्री, वधूवरांची नावं भर देवळात पुकारतात आणि कुणाची हरकत आहे का ते विचारतात. हरकत आजवर कुणी घेतलेली नव्हती. एकदा का नाव पुकारलं गेलं, की मोडणाऱ्या मुलीला गावात तोंड दाखवायला जागा राहत नाही. कॉलिन त्या रविवारी शेवटचा उपदेश करून सोमवारी निघणार होता.

"मला विचारलं का नाही?" मी म्हणाले.

"तुझे डोळे मला दिसत नाय व्हय?" बाबांचा आवाज चढला. "आपल्या आज्यानं भाकरीसाठी धर्म घेतला, असं लोक अजून म्हणत्यात. आता पारख्याची पोरगी गोऱ्याच्या मागं गेली म्हणतील. मी काय तोंडानं फिरू?"

बाबा खोटं बोलत नव्हते. ते टोमणे मीही लहानपणापासून खाल्ले होते. पण म्हणूनच मला राग आला.

"लोक काय म्हणतील म्हणून आज्यानं माघार घेतली असती, तर आज तुम्ही कुठल्या मंडळीचे पंच असता, बाबा?"

बाबा ताटावरून उठून गेले. मलाही भाकरी गेली नाही.

रविवारी देऊळ भरलं होतं. एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका. कॉलिन व्यासपीठावर चढला, शेजारी मी.

"मी इथं काहीतरी द्यायला आलो होतो," तो म्हणाला.

मी तसंच सांगितलं.

"पण मीच घेऊन चाललोय," तो म्हणाला आणि थांबला.

पाळकसाहेबांनी पुढचा कागद हातात घेतलेला मला दिसला. मी एक पाऊल पुढं टाकलं.

"मंडळी," मी म्हणाले, "हे यांचं वाक्य नाही. हे माझं आहे. आज माझ्या नावाची पुकार होणार आहे. माझी हरकत आहे. मास्तर भले आहेत, पण माझं मन या माणसावर आहे. हा मला एक शब्दही बोललेला नाही, तेव्हा याला दोष देऊ नका. तो हो म्हणेल की नाही, तेही मला माहीत नाही. तो नाही म्हणाला तरी माझी हरकत कायम आहे."

कॉलिन कौतुकानं माझ्याकडं बघत होता. त्याच्या चार शब्दांचं एवढं लांबलचक भाषांतर!

"खाली उतर!" बाबा उभे राहिले.

"उपदेश संपला नाही, बाबा."

बायकांच्या बाजूला बाक करकरला. चतुराबाई उठल्या, आमच्यातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या. "नानासाहेब, देवळात वरडू नाय. पोरीची हरकत समद्यांनी ऐकली. माझीबी हाये."

मग सारजाबाई उठल्या. मग आवडाबाई, पोर कडेवर घेऊन. मग एकेक करत बायकांची अख्खी बाजू उभी राहिली. पाळकसाहेबांनी बाबांकडं बघितलं. बाबांनी उभ्या बायकांवर नजर फिरवली. मग खाली बसले आणि हातानंच खूण केली, की कागद राहू द्या. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. ते दुखलं मला. पण मी उतरले नाही.

"आता त्या बिचाऱ्याला तर सांग!" चतुराबाई म्हणाल्या.

मी कॉलिनकडं वळले आणि सगळं त्याच्या भाषेत सांगितलं. पुकार, हरकत, बायका का उभ्या आहेत, आणि मी काय बोलले ते.

"आणि तुझा नियम मला माहीत आहे," मी म्हणाले. "पण हा तुझा शेवटचा उपदेश आहे. तो संपला, की काम संपलं."

कॉलिननं समोरचं पवित्र शास्त्र मिटलं. "आमेन," म्हणाला. उपदेश संपला.

मग उभ्या असलेल्या सगळ्या बायकांकडं, मान खाली घातलेल्या बाबांकडं आणि सर्वांत शेवटी माझ्याकडं बघून, शेंद्र्याच्या पारावरच्या माणसासारखं, तो मोठ्यानं म्हणाला, "व्हय."

त्याचं भाषांतर कुणी मागितलं नाही.